पाणी योजनेचा प्रस्ताव मंत्रालयातून परत येऊ नये म्हणून: नगरपरिषदांसाठी क्रमवार मार्गदर्शक

पाणीपुरवठा योजनेची फाइल वर्ष-दीड वर्ष फिरून ‘त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे’ असा शेरा घेऊन परत येते, तेव्हा कारण क्वचितच ‘निधी नाही’ हे असते. बहुतेक वेळा पाण्याचे आरक्षण कागदावर नसते, टाकीची जागा नगरपरिषदेच्या नावावर नसते किंवा ठरावात एक वाक्य कमी असते. ही कामे डीपीआरनंतर (सविस्तर प्रकल्प अहवालानंतर) करायची नसतात, आधी करायची असतात. सल्लागार नेमून अहवाल छापून घ्यायचा आणि मग कागद गोळा करत सुटायचे, हा उलटा क्रमच सगळ्यात जास्त वेळ खातो. खालचे टप्पे महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती डोळ्यांसमोर ठेवून लावले आहेत. मुख्याधिकारी, पाणीपुरवठा अभियंता, लेखापाल आणि पाणीपुरवठा सभापती या चौघांनी ते एकत्र बसून वाचावेत.

टप्पा १: आधी योजना कोणती ते ठरवा

पाण्याच्या मोठ्या कामासाठी मुख्य दारे दोन. एक, महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान (राज्यस्तर). दुसरे, केंद्र-राज्य भागीदारीचे अमृत २.०. हे अभियान १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाले आणि त्याचा मूळ कालावधी २०२५-२६ पर्यंतचा होता, म्हणून नवा प्रस्ताव आखण्याआधी सध्या नवीन कामे घेतली जात आहेत का, हे नगरपरिषद प्रशासन संचालनालयातून लेखी विचारून घ्या. अमृतमध्ये १ लाखाखालील शहरांना केंद्राचा हिस्सा ५० टक्के, १ ते १० लाखांच्या शहरांना एक-तृतीयांश आणि त्यावरच्या शहरांना २५ टक्के. पैसे २०:४०:४० अशा तीन हप्त्यांत येतात. नगरोत्थानमध्ये शहराच्या वर्गानुसार स्वहिस्सा, म्हणजे नगरपरिषदेने स्वतः घालायचा वाटा, बदलतो. शहर लहान तसा स्वहिस्सा कमी. टक्केवारी मात्र शेजारच्या नगरपरिषदेच्या आदेशावरून उचलू नका, चालू शासन निर्णयातूनच घ्या.

छोटी कामे, म्हणजे एखाद्या प्रभागातली वितरण वाहिनी, पंप बदलणे किंवा टाकीची दुरुस्ती, राज्यस्तरावर पाठवू नका. त्यासाठी जिल्हास्तर नगरोत्थान आहे. शिवाय १५ व्या वित्त आयोगाच्या २०२५-२६ पर्यंतच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, होता. त्यातला निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, उरलेला निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी.

सावध: तेच काम दोन योजनांत दाखवू नका. ‘सदर काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर अथवा प्रस्तावित नाही’ असे प्रमाणपत्र मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने द्यावे लागते. जिल्हा नियोजन समितीकडे तीच पाइपलाइन आधीच सुचवलेली निघाली, तर दोन्ही प्रस्ताव अडकतात.

टप्पा २: पाण्याची गरज काढा, तीही स्वतः

हा आकडा सल्लागारावर सोडू नका. पुढचे सगळे याच्यावर उभे राहते.

लोकसंख्येसाठी १९८१, १९९१, २००१ आणि २०११ या चारही जनगणना घ्या. अंकगणिती, भूमितीय आणि वाढीव वृद्धी अशा तिन्ही पद्धतींनी आकडा काढा आणि कोणती पद्धत का निवडली, ते दोन ओळींत लिहा. सर्वात मोठा आकडा देणारी पद्धत कारण न देता निवडली, तर छाननीत पहिला प्रश्न तिथेच येतो. मधल्या काळात हद्दवाढ झाली असेल, तर सामील झालेल्या गावांची जुनी लोकसंख्याही मागच्या प्रत्येक जनगणनेत मिळवा. ती फक्त शेवटच्या आकड्यात मिळवली की वाढीचा दर फुगतो. पडताळ्यासाठी मालमत्ता कराच्या नोंदी आणि घरगुती वीजजोडण्या जवळ ठेवा. पंढरपूर, आळंदी, शिर्डीसारख्या ठिकाणी यात्रेकरूंची तरंगती लोकसंख्या वेगळी दाखवावी लागते, स्थायी लोकसंख्येत मिसळायची नसते.

आता हिशेब. समजा आज शहर ४५,००० चे आहे, १५ वर्षांनी ६०,००० आणि ३० वर्षांनी ७८,००० होईल असा अंदाज आहे. माणशी १३५ लिटर धरले तर:

- ३० वर्षांनंतरची गरज: ७८,००० × १३५ = १०.५३ एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन)
- १५ टक्के गळती धरून: १०.५३ ÷ ०.८५ = १२.४ एमएलडी
- जलशुद्धीकरण केंद्रात फिल्टर धुण्यासाठी साधारण ३ टक्के: उद्भवातून (पाण्याच्या मूळ स्रोतातून) उचल १२.८ एमएलडी
- वर्षाचे आरक्षण: १२,८०० घनमीटर × ३६५ = ४६.७२ लाख घनमीटर, म्हणजे ४.६७ दलघमी (दशलक्ष घनमीटर)

माणशी १३५ लिटर हा दर भुयारी गटार असलेल्या किंवा नजीकच्या काळात होणार असलेल्या शहराला लावण्याची पद्धत आहे. गटार योजनेचा कागदोपत्री पत्ताच नसेल, तर छाननीत हा दर खाली येऊ शकतो. म्हणून गटार योजनेची सद्यस्थिती, अगदी प्राथमिक अहवाल असला तरी, सोबत जोडा.

सगळे घटक ३० वर्षांसाठी बांधायचे नसतात. धरणातली इंटेक वेल (पाणी आत घेणारी विहीर), जॅकवेल (ते पंपाने उपसायची विहीर) आणि मुख्य वाहिन्या ३० वर्षांच्या हिशेबाने, तर पंप आणि जलशुद्धीकरण केंद्र १५ वर्षांच्या. वरच्या उदाहरणात केंद्र ६०,००० लोकसंख्येवर, म्हणजे साडेनऊ-दहा एमएलडीचे होईल आणि पुढच्या विस्तारासाठी शेजारी जागा राखायची. संपूर्ण १२.४ एमएलडीचे केंद्र पहिल्याच दिवशी दाखवले, की किंमत विनाकारण वाढते आणि अंदाजपत्रक कापले जाते. कापताना ते कुठे कापायचे, हे मग तुमच्या हातात राहत नाही.

टप्पा ३: उद्भव आणि आरक्षण

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर.

दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या धरणसाठ्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे पाण्याच्या वाटपाची बैठक होते आणि शहराला त्या हंगामापुरते पाणी राखून दिले जाते. त्या बैठकीचे इतिवृत्त म्हणजे योजनेला लागणारे आरक्षण नव्हे. प्रस्तावासाठी जलसंपदा विभागाची बिगरसिंचन पाणीवापराची कायम मंजुरी लागते. तिच्यात धरणाचे किंवा बंधाऱ्याचे नाव, उचलण्याचे ठिकाण आणि वार्षिक दलघमी स्पष्ट लिहिलेले असावे. मंजुरीनंतर पाटबंधारे विभागाशी करारनामा होतो. जुने आरक्षण असेल तर त्यातला आकडा वरच्या ४.६७ दलघमीसारख्या तुमच्या नव्या गरजेशी पडताळा. २५ वर्षांपूर्वीचे १.८ दलघमीचे पत्र जोडून १२ एमएलडीची योजना मागितली, तर ती वाचताक्षणीच बाजूला पडते.

अर्ज करण्याआधी पाटबंधारे विभागाची पाणीपट्टी थकलेली नाही ना, ते लेखापालाकडून लेखी घ्या. थकबाकी वादातली असेल, तर वादाची आणि निर्विवाद रक्कम वेगळी काढून निर्विवाद रक्कम भरून टाका आणि चलन फाइलला लावा.

पाण्याचे नमुने दोन वेळा घ्या: एप्रिल-मे मध्ये आणि भर पावसात जुलै-ऑगस्टमध्ये. धरणाचे पाणी उन्हाळ्यात नितळ दिसते. पहिल्या पुराचा गढूळपणा अहवालात आला नाही, तर केंद्राची रचना चुकते आणि ऐन पावसाळ्यात नळाला चहासारखे पाणी येते. निकष आयएस १०५००:२०१२ चे. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) स्वीकारार्ह, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, त्यात सवलत नाही. फ्लोराइड १, पर्याय नसेल तर १.५. विहिरी किंवा विंधन विहिरींवर उभ्या योजनेत नायट्रेट आणि फ्लोराइडचा अहवाल नसेल तर पुढे जाऊच नका, कारण नेहमीचे वाळूचे फिल्टर या दोन्ही गोष्टी काढत नाहीत.

तपासा: आरक्षणातले उचलण्याचे ठिकाण, नकाशावरची जॅकवेल आणि जागेचा गट क्रमांक, हे तिन्ही एकच आहेत का? जॅकवेल नंतर ३०० मीटर सरकवली आणि मंजुरीपत्र जुन्याच जागेचे राहिले, तर दुरुस्तीपत्रासाठी पुन्हा सगळा प्रवास करावा लागतो.

टप्पा ४: जागा आणि परवानग्या

प्रत्येक बांधकामासाठी एक ओळ, असा तक्ता करा: जॅकवेल, जलशुद्धीकरण केंद्र, प्रत्येक जलकुंभ, पंपघर, उपकेंद्र. पुढे रकाने असे: गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, मालकी, ताबा, विकास योजनेतले आरक्षण. पुरावा म्हणजे सातबारा किंवा मिळकत पत्रिका. ‘जागा नगरपरिषदेच्या वहिवाटीत आहे’ हा दाखला पुरत नाही. शासकीय जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. खासगी जमीन बक्षीसपत्राने मिळणार असेल तर ते नोंदणीकृत हवे आणि फेरफार झालेला हवा. विकास योजनेत ती जागा उद्यानासाठी आरक्षित असेल, तर तिथे जलकुंभ घेण्याआधी नगररचना विभागाचा अभिप्राय घ्या.

वाहिनीच्या रस्त्यावर चालत जा. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याचे कार्यालय, रूळ असतील तर रेल्वे आणि झाडी असेल तर वनविभाग. रेल्वे आणि वन यांना वेळ लागतो, त्यामुळे त्यांचे अर्ज पहिल्या आठवड्यातच जावेत. वनजमिनीतून वाहिनी टाळता येत असेल, तर लांबी एक-दीड किलोमीटर वाढली तरी टाळा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाइपाचा जादा खर्च एकदाच होतो, वनमंजुरीत गेलेली दोन वर्षे परत मिळत नाहीत.

वीज विसरू नका. महावितरणकडून स्वतंत्र फीडरचा अंदाज घेऊन तो योजनेच्या किमतीत धरा. शेतीच्या फीडरवर लावलेला पंप आठ तास चालतो आणि मग २२ तासांच्या पंपिंगवर केलेला सगळा हिशेब कोलमडतो.

टप्पा ५: सर्वेक्षण आणि डीपीआर

आता सल्लागार. त्याच्याकडून पुढील गोष्टी करारातच मागा.

१. जुन्या वाहिन्यांचा नकाशा. व्हॉल्व्हमनला सोबत घेतल्याशिवाय हा नकाशा खरा होत नाही. कागदावर १५० मिमीची दिसणारी वाहिनी प्रत्यक्षात १०० ची असते आणि ‘बंद’ लिहिलेल्या वाहिनीवर चाळीस घरे जोडलेली असतात. चौकाचौकात खड्डा घेऊन पाइप उघडा करा, टेप लावा, फोटो काढा.

२. दाबाच्या नोंदी. उंचावरच्या आणि शेवटच्या टोकाच्या किमान दहा-बारा नळांवर प्रेशर गेज लावून पाणी सुटल्यापासून दर १५ मिनिटांनी आकडा लिहा. गेजवर ०.३ किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) म्हणजे साधारण ३ मीटर दाब, तेवढ्यात पहिल्या मजल्यावर पाणी चढत नाही. या नोंदींचा तक्ता जोडलेला असला की ‘नवीन जलकुंभ कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले असते.

३. गळतीचे मोजमाप. केंद्रातून सुटणारे पाणी फ्लो मीटरने मोजा. अंदाजाने ‘४० टक्के’ लिहू नका. नळाच्या टोकाला क्लोरिनची ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) टेस्टही याच फेरीत उरका. किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मिळायला हवे. शेवटच्या नळाचे पाणी ओ.टी.च्या थेंबांनी पिवळे होत नसेल, तर मधे कुठेतरी गळकी जोडणी गटाराजवळून जात असण्याची शक्यता आहे. तिथे नवी वाहिनी आधी.

४. अंदाजपत्रक महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या चालू दरसूचीवर. मागच्या वर्षीच्या दरांवर तांत्रिक मान्यता मागू नका, पुन्हा सगळे छापावे लागते.

अंदाजपत्रकात हमखास राहून जाणाऱ्या बाबी: रस्ता पूर्ववत करणे, घरजोडण्या नव्या वाहिनीवर घेणे, एअर व्हॉल्व्ह (हवा सोडणारे) आणि स्कावर व्हॉल्व्ह (गाळ सोडणारे), बल्क मीटर, चाचणीच्या काळातली वीज. रस्त्याचेच बघा. वितरण वाहिनी ४० किलोमीटर आणि चर ०.६ मीटर रुंद धरला तरी २४,००० चौरस मीटर रस्ता उकरला जातो. हा खर्च धरला नाही, तर योजना पूर्ण होते आणि शहर दोन पावसाळे चिखलात राहते. जीएसटीही तपासा. नगरपरिषदांच्या कामांवरचा दर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला, तरी जुन्या नमुन्यावरून उचललेल्या अंदाजपत्रकांत १२ टक्के तसाच राहिलेला दिसतो. कामगार कल्याण उपकर १ टक्का वेगळा.

टप्पा ६: चालवायला लागणारा पैसा

हे प्रकरण डीपीआरच्या शेवटी दोन पानांत उरकले जाते. योजना बंद पडतात त्या मात्र इथेच.

१,००० लिटर पाणी ८० मीटर उंच चढवायला, पंप-मोटरची एकूण कार्यक्षमता ७० टक्के धरून, ०.३१ युनिट वीज लागते. पहिल्या वर्षी रोज ७ एमएलडी उचलले तर रोज सुमारे २,१८० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर रोजचे साडेसतरा हजार, वर्षाचे जवळपास ६४ लाख. त्यात तुरटी, क्लोरिन, कर्मचारी, दुरुस्ती आणि कच्च्या पाण्याचे शुल्क मिळवून समजा १ कोटी ६० लाख झाले. जोडण्या ९,००० असतील तर जोडणीमागे वर्षाला सुमारे १,८०० रुपये, तेही शंभर टक्के वसुली झाली तर. वसुली ६० टक्केच असेल, तर तोच आकडा जवळपास ३,००० होतो.

हा तक्ता सभेसमोर ठेवा. पाणीपट्टी किती आणि कोणत्या वर्षी वाढणार, ते नगरसेवकांनी आकड्यांत पाहून मान्य केले पाहिजे. गेल्या तीन वर्षांची मागणी, वसुली आणि थकबाकी खरी लिहा. ती लेखापरीक्षण अहवालाशी ताडून पाहिली जाते.

टप्पा ७: ठराव

सर्वसाधारण सभेचा असो वा प्रशासकांचा, ठरावात चार गोष्टी शब्दशः हव्यात: सादर करण्यास मान्यता, स्वहिस्सा, जादा खर्चाची जबाबदारी, देखभाल आणि दरवाढ. नमुना असा:

‘… शहर पाणीपुरवठा योजनेचा रुपये … किमतीचा सविस्तर प्रकल्प अहवाल … अभियानांतर्गत शासनास सादर करण्यास, योजनेचा … टक्के स्वहिस्सा आणि मंजूर किमतीपेक्षा होणारा जादा खर्च नगरपरिषद निधीतून भागवण्यास, पूर्ण झालेली योजना ताब्यात घेऊन चालवण्यास व तिची देखभाल-दुरुस्ती करण्यास आणि त्यासाठी सोबतच्या तक्त्याप्रमाणे पाणीपट्टीत वाढ करण्यास ही सभा मान्यता देत आहे.’

स्वहिस्सा कुठून येणार, तेही याच वेळी ठरवा. ६० कोटींच्या योजनेत १० टक्के म्हणजे ६ कोटी. कर्ज काढणार असाल तर कर्जाचा ठराव आणि परतफेडीचा तक्ता वेगळा करा.

सावध: ठरावातली रक्कम आणि तांत्रिक मान्यतेची रक्कम वेगळी झाली, तर सुधारित ठराव घ्या. पेनने खाडाखोड केलेली प्रत पाठवू नका. ठराव नियमबाह्य असेल तर नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, म्हणून विषयपत्रिका आणि सभेची नोटीस मुदतीत गेल्याचा पुरावा जपून ठेवा.

टप्पा ८: सादर करण्याचा क्रम

१. तांत्रिक मान्यतेसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. छाननी शुल्क आधी भरा.
२. तांत्रिक मान्यता हाती आल्यावर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगर प्रशासन शाखेमार्फत शिफारशीसह नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे.
३. तिथून नगर विकास विभागाकडे आणि प्रकल्प मान्यता समितीपुढे. अमृतचा प्रस्ताव राज्यस्तरीय तांत्रिक समिती आणि उच्चाधिकार सुकाणू समितीतून केंद्राकडे जातो.
४. प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय.

फाइलच्या सुरुवातीला एका पानाचा गोषवारा द्या: लोकसंख्या, एमएलडी, आरक्षण, किंमत, हिस्सेवारी, दरडोई खर्च. सहपत्रांना पृष्ठ क्रमांक द्या. त्रुटीपत्र आले की प्रत्येक मुद्द्यासमोर उत्तर आणि पृष्ठ क्रमांक लिहून एकाच वेळी पूर्तता पाठवा. सातपैकी चार मुद्द्यांची उत्तरे पाठवली की फाइल तिथेच थांबते. आमदार-खासदारांचे शिफारसपत्र जरूर जोडा. त्याने फाइल लवकर हातात घेतली जाईल, पण सातबाऱ्याची जागा ते भरून काढत नाही.

टप्पा ९: समाजमंदिर, अभ्यासिका, दवाखाना यांचे प्रस्ताव वेगळे

पाण्याच्या फाइलमध्ये ‘शहराच्या सर्वांगीण विकासासाठी’ म्हणून अभ्यासिका, बालवाडी, स्मशानभूमी आणि उद्यानही घालण्याचा मोह होतो. तो टाळा. लेखाशीर्षे वेगळी असतात आणि छाननी करणारी टेबलेही वेगळी. अशी कामे जिल्हास्तर नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना किंवा वस्ती सुधारणेच्या योजनांतून मागायची असतात.

या कामांत मुख्य अडचण चालवण्याची. अभ्यासिका उघडी कोण ठेवणार, दिव्याचे बिल कोणत्या शीर्षाखाली, स्वच्छता कोणाकडे, हे एका पानात लिहा. दवाखान्याच्या इमारतीआधी डॉक्टर आणि औषधे कोण देणार, याचे आरोग्य विभागाचे पत्र घ्या. ज्या वस्तीसाठी मागणी आहे तिथल्या घरांची संख्या आणि सर्वात जवळची सध्याची सोय किती अंतरावर आहे, हे दोन आकडे पुष्कळ काम करतात.

टप्पा १०: मंजुरीनंतरचे पहिले तीन महिने

शासन निर्णयातल्या अटी एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकीसमोर जबाबदार माणसाचे नाव लिहा. स्वतंत्र बँक खाते, स्वहिस्सा जमा, महाटेंडर्सवर ई-निविदा, त्रयस्थ तांत्रिक परीक्षण. निविदा जादा दराची आली, तर फरक बहुधा नगरपरिषदेच्याच माथी येतो. तो भरण्याची तयारी नसेल तर कार्यारंभ आदेश देऊ नका.

कामाचा क्रम उद्भवाकडून शहराकडे ठेवा. ठेकेदाराला गल्लीतले पाइप आधी टाकायला आवडते, कारण त्याचे बिल लवकर निघते. मग पाइप जमिनीत पुरलेले, रस्ते उकरलेले आणि जॅकवेलची परवानगी अजून अडकलेली, अशी अवस्था होते. निविदेतच टप्पे बांधा: जॅकवेल आणि ऊर्ध्ववाहिनी (पंपाने पाणी वर चढवणारी वाहिनी) ठरावीक टक्क्यांपर्यंत झाल्याशिवाय वितरण वाहिनीचे बिल नाही.

प्रत्येक वाहिनीची दाबचाचणी चर बुजवण्याआधी घ्या आणि मोजमाप पुस्तिकेत तारीख, दाब, वेळ आणि सह्या नोंदवा. हप्ता खर्ची पडत आला की उपयोगिता प्रमाणपत्र लगेच तयार करा. पुढचा हप्ता त्याच्यावर सुटतो. प्रमाणपत्रासोबत कामाचे फोटो, बँक खात्याचा उतारा आणि परीक्षण अहवाल एकाच टपालाने गेले पाहिजेत.

तपासा: योजना ताब्यात घेण्याआधी टप्पा ५ मधल्या त्याच दहा-बारा नळांवर पुन्हा गेज लावा आणि ओ.टी. टेस्ट घ्या. जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवा. ज्या नळावर फरक पडलेला नाही, तिथपर्यंतची वाहिनी ठेकेदाराकडून उघडून घ्या आणि ती दुरुस्त होईपर्यंत अंतिम देयक थांबवा.